सावडीचा हिशेब

आमच्या मंडळाची सगळी मालमत्ता म्हणजे सहा फावडी, चार कुदळी, आठ घमेली, एक ढकलगाडी आणि शंभर पानांची एक वही. ज्याच्या वाडीत काम चालू असेल त्याच्या पडवीत अवजारे राहतात. वही मात्र माझ्या घरी खुंटीला टांगलेली असते. कोण, कोणाच्या वाडीत, कोणत्या रविवारी, किती तास राबला याची तिच्यात नोंद असते. मंडळ सुरू झाले तेव्हा दोघांनी या वहीला कडाडून विरोध केला होता. शेजाऱ्याला केलेल्या मदतीचा कोणी हिशेब ठेवतो का, असे त्यांचे म्हणणे होते. बाकीच्यांना, आणि मलाही, ते म्हणणे भाबडे वाटले. आज पाच वर्षांनंतर ते मला तितकेसे भाबडे वाटत नाही. पण ते बरोबर होते असेही म्हणवत नाही. प्रस्तुत लेखाचा प्रपंच या द्विधा मनःस्थितीपायीच आहे.

आम्ही अकरा जण. सारे वसईच्या किनारपट्टीवरचे. कोणाची दहा गुंठ्यांची वाडी, कोणाचे नुसते घरामागचे परसू. एकत्र येण्याचे निमित्त पर्माकल्चर शिकण्याचे. 'कायमस्वरूपी' आणि 'शेती' या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांच्या सांध्यातून हा शब्द बनला. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर बिल मॉलिसन आणि त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड होमग्रेन यांनी ही विचारसरणी मांडली व १९७८ साली तिच्यावरील पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. घर, पाणी, झाडे, जनावरे आणि माणसे यांची मांडणी अशी करावी की एकाची टाकाऊ वस्तू ती दुसऱ्याची गरज ठरावी, हे तिचे सार. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मॉलिसन स्वतः भारतात येऊन शिकवून गेले. २०१७ साली या मंडळींचा जागतिक मेळावा हैदराबादेत भरला. जगभर या विषयाचा ७२ तासांचा एक ठरावीक अभ्यासक्रम चालतो. त्याचे शुल्क सर्वांना परवडणारे नसते. आमच्यापैकी मी एकट्याने तो केला होता, आणि माझ्याकडे त्याचे प्रमाणपत्र होते. एकाने शिकावे, त्याने दहांना सांगावे आणि अकरांनी मिळून एकमेकांच्या वाडीत राबून पाहावे, अशी आमची साधी योजना होती. त्या प्रमाणपत्राविषयी पुढे लिहायचेच आहे.

पर्माकल्चरची तीन नीतितत्त्वे सांगितली जातात: धरणीची काळजी, माणसांची काळजी आणि न्याय्य वाटा. पहिल्या दोहोंना कोणी नाही म्हणत नाही. ती ऐकताना माना डोलतात. तिसऱ्याशी आले की माना स्थिर होतात. मॉलिसन यांच्या १९८८ सालच्या बृहद्ग्रंथात हे तिसरे तत्त्व जास्त कठोर शब्दांत आहे. आपल्या लोकसंख्येला व उपभोगाला आपणच मर्यादा घालावी आणि जे उरेल ते पहिल्या दोन कामांसाठी सोडावे, असा त्याचा आशय. म्हणजे हे तत्त्व भावनेचे कमी आणि अंकगणिताचे अधिक आहे. वाटा न्याय्य आहे की नाही हे मोजल्यावाचून कसे कळणार? आमच्या वहीचे समर्थन मी याच युक्तिवादाने केले होते.

मेलबर्न शहरात २००६ साली एक उपक्रम सुरू झाला. सुटीच्या दिवशी पाचपन्नास माणसे एखाद्याच्या घरी जमतात आणि दिवसभरात त्याच्या ओसाड अंगणाची भाजीबाग करून देतात. आपल्या अंगणाची पाळी यावी असे ज्याला वाटते त्याने आधी इतरांच्या काही अंगणांत राबले पाहिजे, असा तेथला दंडक आहे. तो वाचताना मला हसू आले, कारण ही तर आपली सावड! आज मी तुझ्या लावणीला, उद्या तू माझ्या. सावडीत हिशेब असतोच. तो वहीत नसून डोक्यात असतो, इतकेच. डोक्यातल्या हिशेबाला तर कोणी खाडाखोडही करू शकत नाही. सावडीच्या शेजारी मराठीत दुसराही एक शब्द आहे, इर्जिक. ज्याची नांगरट मागे राहिली त्याच्या शेतावर गावातले लोक आपापले बैल घेऊन जात, एका दिवसात काम उरकत, आणि त्याने दिलेले जेवण जेवून घरी जात. जेवणावर व्यवहार मिटे. बैल आजारी पडलेल्या माणसाकडून पुढच्या वर्षी बैलजोडीची परतफेड अपेक्षित नसे. एकाच गावात, एकाच मोसमात हे दोन्ही शब्द नांदत होते, आणि कोणत्या वेळी कोणता वापरायचा हे लोकांना कळत होते.

हिशेब हा मायेचा वैरी आहे, असे मात्र मी मानत नाही. पुणे जिल्ह्यातील आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी शेतकरी उतारावर दगडी बांध रचून भातखाचरे तयार करतात. एकमेकांच्या अंगमेहनतीने होणाऱ्या या कामाला तेथे पडकई म्हणतात. पण उपाशी पोटाने शेजाऱ्याचा बांध कोण रचणार? तेथील 'शाश्वत' या संस्थेने पडकईचे काम रोजगार हमीच्या मजुरीत बसावे म्हणून सरकारदरबारी खटपट केली. २०१२ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. मजुरीचा हिशेब झाला म्हणून पडकईतील शेजारधर्म आटला, असे कोण म्हणेल? आमच्याकडेही वहीने एक चांगले काम केलेच. पहिल्या वर्षी ज्याच्या वाडीत काम असे तो सर्वांना जेवू घाली, आणि पाहता पाहता त्याला मेजवानीचे रूप आले. ज्याच्याकडे पैसा कमी त्याची पाळी पुढे ढकलली जाऊ लागली. कारण कोणी बोलत नव्हते. वही चाळताना ते उघड झाले. तेव्हापासून कामावर चहा आणि उकडलेली रताळी, याखेरीज काही करायचे नाही असे ठरले.

खरा पेच मावशींच्या वेळी उभा राहिला. सत्तरी उलटलेल्या, एकट्या, गुडघ्यांनी अधू. त्यांच्या परसात पाण्याच्या निचऱ्याचे आणि कुंपणाचे काम निघाले. ते अंदाजे साठ तासांचे होते, आणि त्यांच्याकडून परत एक तासही येणार नव्हता. सभेत कोणी नको म्हणाले नाही. एक जण उत्साहाने म्हणाला, "मावशी आपल्याला जुने बियाणे देतात, माहिती सांगतात. तेच त्यांचे तास समजू." सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही तसा रकाना आखला. रात्री मात्र तो रकाना मला टोचू लागला. आम्ही औदार्य दाखवले नव्हते, केवळ चलन बदलले होते. मावशींकडे बियाणे नसते, स्मरणशक्ती गेलेली असती, स्वभाव कडवट असता, तर? द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपणा सर्वांना पाठ आहे. पण तेथे शेवटी आलेल्याला पूर्ण मजुरी देणारा एक मालक होता. दिले ते त्याच्या पदरचे होते. आमच्यासारख्या बरोबरीच्या माणसांत मालक कोणी नाही. येथे एकाला अधिक द्यायचे तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी रविवारातून, दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीतून जाते. म्हणून औदार्याचा ठराव करणे सोपे आणि तो पाळणे अवघड. पुढच्या सभेत मी रकाना खोडला आणि वहीत दोन भाग केले: एक सावडीचा, दुसरा इर्जिकीचा. दुसऱ्या भागात फक्त कामाची तारीख लिहायची, तास लिहायचे नाहीत. दोघे जण नाराज झाले. त्यातला एक पुढे मंडळ सोडून गेला, आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. त्याला स्वतःची वाडी फक्त रविवारीच करता येत असे.

इतके लिहून थांबलो असतो तर मी या लेखात बराच चांगला माणूस दिसलो असतो. पण वहीत न आलेली एक गोष्ट आहे.

मंडळाचे पहिले मोठे काम माझ्याच वाडीत झाले. अभ्यासक्रमात समपातळीवर आडवे चर खणून पावसाचे पाणी जागीच मुरवण्याची पद्धत मी शिकलो होतो. कोरड्या प्रदेशात ती संजीवनी आहे. आमच्या किनाऱ्यावर सुमारे २००० मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि पावसाळ्यात भूजल हातभर खोलीवर येते. आमच्या पूर्वजांनी म्हणून पाणी मुरवण्याची जागा वेगळी राखली. ती म्हणजे बावखळ. वाडीतले जादा पाणी पाटाने तेथे जायचे, तेथे मुरायचे, आणि उन्हाळ्यात गोडे राहायचे. माझ्या वाडीत आजोबांच्या वेळचा असा एक पाट होता. चरांच्या आड येतो म्हणून तो आम्ही बुजवला. मे महिन्यात चर खणले, त्यांच्या काठाने पपई लावली. जुलैत चरांत पाणी तुंबले ते हलेचना. पपईच्या मुळांना साचलेले पाणी काही दिवसही सोसत नाही. माझी चौदाही झाडे बुंध्यापाशी कुजून आडवी झाली.

मी ती रातोरात उपटली आणि त्या जागी अळू लावले. अळूला पाणी मानवते, ते फोफावले. सप्टेंबरच्या सभेत कोणी विचारले तेव्हा मी म्हणालो, "चरांत अळू उत्तम आले आहे." या वाक्यात असत्य काय होते? एकही अक्षर नाही. नीतिशास्त्रात खोटे बोलणे आणि खरे न सांगणे यांत भेद करतात. मी त्या भेदाच्या आडोशाला बसलो. खरे कारण सरळ होते. अकरा जणांत प्रमाणपत्र माझ्याकडे होते.

दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या सर्वांत तरुण सभासदाने काकांची अर्धी वाडी कसायला घेतली, उसनवारी करून पपईची चाळीस रोपे आणली, आणि माझ्यासारखेच चर खणायचे ठरवले. त्याच्या वाडीत मी स्वतः सोळा तास खणले. प्रत्येक तासाला बोलायची संधी होती. यंदा पाऊस कमी होईल, त्याची जमीन थोडी उंच आहे, अशी कारणे मी स्वतःला सांगत राहिलो. ऑगस्टमध्ये त्याची चाळीस झाडे गेली. त्याला वाटले, आपलेच काही चुकले. आणि तो माझ्याकडे सल्ला विचारायला आला.

त्या संध्याकाळी मी वही काढून पाहिली. तो माझ्याकडे बावीस तास राबला होता, मी त्याच्याकडे सोळा. वहीप्रमाणे मी त्याचे सहा तास देणे लागत होतो. आकडे अचूक होते. आणि त्या अचूक वहीत मी त्याचे जे देणे लागत होतो त्याचा मागमूस नव्हता. तासांचे ऋण घेणेकऱ्याला ठाऊक असते. तो मागू शकतो, माफ करू शकतो. सत्याच्या ऋणात घेणेकऱ्याला आपण घेणेकरी आहोत हेच ठाऊक नसते.

महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकरांनी उभा केलेला 'प्रयोग परिवार' पुष्कळांना आठवत असेल. गणिताचे हे प्राध्यापक शेतकऱ्यांना सांगत की प्रत्येकाने आपल्या रानात स्वतः प्रयोग करावा आणि निष्कर्ष एकमेकांना कळवावेत. द्राक्षबागायतदारांनी या रीतीने केलेली प्रगती सर्वश्रुत आहे. दाभोळकर २००१ मध्ये गेले. त्यांच्या कार्याविषयी वाचताना पूर्वी माझे लक्ष विपुल पिकाकडे जाई. आता कळते की त्या परिवाराचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता: फसलेला प्रयोगही कळवायचा. शिकणाऱ्यांच्या मंडळात फावड्याचे तास कोणीही देऊ शकतो. आपली कुजलेली झाडे देणे जड जाते, कारण ती दिल्यावर आपण शिकवणारे राहत नाही.

मी त्याला सांगितले. त्याच संध्याकाळी नव्हे. चार दिवस गेले. अळूची, पपईची, बुजवलेल्या पाटाची सगळी हकीकत. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "काका, खणत होता तेव्हा तुम्हाला माहीत होते?" मी हो म्हणालो. तो उठून गेला. पुढचे दोन रविवार तो आला नाही. सभेत मी सर्वांपुढे पुन्हा सांगितले. रोपांचे पैसे देऊ केले ते त्याने अर्धेच घेतले. अर्धे का घेतले आणि अर्धे का सोडले, हे मी विचारले नाही.

नोव्हेंबरात त्याचे चर बुजवून पाट काढायचे काम निघाले. नऊ जण जमले. मी आदल्या दिवशीच जाऊन निरोप दिला होता की माझे तास लिहू नयेत. हे काम इर्जिकीच्या भागात घालावे. काम संपल्यावर हात धुऊन आलो तो वही त्याच्या मांडीवर होती. त्याने सावडीच्या भागातच पान उघडले होते. माझ्या नावापुढे त्याने सात तास लिहिले, मागचे सहा वजा केले, आणि उरलेला एक आपल्या नावावर देणे म्हणून मांडला. मग वही माझ्या हातात देत तो म्हणाला, "पुढच्या रविवारी तुमचा पाट मोकळा करायला येतो."