धूप कोणासाठी?

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ व पाणी यांचाही आपण स्वीकार करतो असे सांगितले आहे. मात्र ते भक्तीने, शुद्ध चित्ताने दिलेले असावे. वस्तूच्या किमतीचा तेथे प्रश्नच नाही. मग देवापुढील धूपाची परीक्षा कशावरून करावी?

नेपाळात हातकागदाचा धूप करण्याची रीत आहे. हिमालयातील लोकता नावाच्या झुडपाची साल काढतात. मूळ राखले तर झुडूप पुन्हा फुटते. साल उकळून, कुटून, चौकटीवर पसरून वाळविली की चिवट कागद तयार होतो. त्याच्या अरुंद पट्टीत सुगंधी वनस्पतींचे चूर्ण भरून ती हाताने दोरीसारखी वळतात. महाराष्ट्रालाही हातकागद नवा नाही. जुन्नरचा कागद पेशवाईत प्रसिद्ध होता. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था स्थापन झाली. टाकाऊ सुती चिंध्यांचाही उत्तम कागद होतो. असा पातळ, बिनरंगी कागद घेऊन त्यात चंदन व जटामांसी यांचे कोरडे चूर्ण घातले, तर गृहस्थाला घरीच धूप वळता येईल. आपल्या कर्मानेच ईश्वराची पूजा करावी, हा अठराव्या अध्यायाचा उपदेश अशा लहानशा श्रमातही आचरता येतो.

परंतु पदार्थ शुद्ध झाला म्हणजे अर्पण शुद्ध झाले, असे नव्हे. वनस्पतीचा असला तरी धूर तो धूरच. तो छातीला बाधतो. भिलाई येथे १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या नगरीतील कॅम्प-१ सारख्या दाट श्रमिक वस्तीत एका घरचा धूर सहज दुसऱ्या घरी जातो. भट्टीपाशी राबून परतलेल्या माणसाला घरी तरी स्वच्छ हवा मिळावयास नको काय? देवघर दरवळत असता शेजारच्या खाटेवर दम्याचा वृद्ध खोकत असेल, तर तो धूप कोणाला पोहोचला?

सर्व भूतांत एकच परमेश्वर समभावाने वसतो, असे तेरावा अध्याय सांगतो. म्हणून साधकाने खिडकी उघडावी, बोटभर तुकडाच लावावा आणि घरात रुग्ण किंवा तान्हे मूल असेल तेव्हा फूल वाहून हात जोडावे. पूजेत त्याने काहीही उणे पडत नाही. दुसऱ्याचा श्वास जपणे हीही त्याच परमेश्वराची सेवा होय.