नाग डोलतो, नंदी मान हलवतो



पूर्वी नागपंचमीला आपल्या अंबरनाथ-बदलापूरकडे गारुडी दारोदार यायचे. पुंगी वाजायची, नाग डोलायचा आणि लोक म्हणायचे, "बघा, त्यालाही संगीत आवडते!"

नागाला बाहेरचा कान नसतो. जमिनीची कंपने जबड्याच्या हाडातून त्याच्या आतल्या कानापर्यंत पोहोचतात. हवेतले खालच्या पट्टीचे आवाजही त्याला थोडेफार कळतात. पण तो डोलतो तो सुरावर नव्हे, समोर हलणाऱ्या पुंगीवर. तिच्यापासून धोका आहे असे समजून तो फणा उभारतो. टोपलीतल्या कित्येक नागांचे दातही उपटलेले असत. त्याच्या भीतीला आपण नाच म्हटले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा खेळ गुन्हा ठरला, ते बरेच झाले.

गंमत अशी, की नंदीबैलाच्या बाबतीत मराठी माणूस फसला नाही. गुबुगुबू वाजले की त्याची मान हलते, ती शिकवल्यामुळे, हे ओळखून आपण वाक्प्रचारच केला. (उपदेश चालू असताना समोरच्या माना हलताना पाहून मला तो अधूनमधून आठवतो!)

हल्ली ऑक्टोपसविषयीही हेच विचारले जाते. बाजारात मिळणाऱ्या माकुलाचा हा भाऊबंद. त्यालाही आपल्यासारखे कान नाहीत; तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक पिशव्यांनी तो पाण्यातली कंपने टिपतो. म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज त्याला जाणवतो, हे नक्की. पण जाणवणे म्हणजे आवडणे का?

संत अगस्तीन यांनी इ. स. ३८७च्या सुमारास संगीतावर ग्रंथ लिहायला घेतला. हत्ती आणि अस्वले गाण्याने हलतात, पक्ष्यांना स्वतःच्या आवाजाचा आनंद होतो, हे ते मान्य करतात. मात्र संगीताचे ज्ञान ते प्राण्यांना देत नाहीत. निव्वळ सवयीने वाजवणाऱ्या माणसालाही देत नाहीत! आनंद आणि ज्ञान यांतला हा भेद मला मोलाचा वाटतो. ऑक्टोपसला राग कळणार नाही, म्हणून त्याला सुखदुःखच नाही असे ठरत नाही. ब्रिटनने २०२२च्या कायद्यात त्याला संवेदनशील प्राणी मानले आहे.

मग आवड ओळखायची कशी? माझ्या मते, निघून जाण्याची मोकळीक देऊन. काचेच्या टाकीतला ऑक्टोपस गाणे लावल्यावर जवळ आला, तर त्याला दूर जायला जागा होती का, हे आधी पाहावे लागेल. टोपलीतल्या नागाला ती नव्हती.