फाळक्यांच्या घरातला सिनेमा

नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबई-आग्रा महामार्गाने मुंबईच्या दिशेला निघालं, की पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक लागतं. सिनेमातल्या पहिलेपणाचा मान एकाच नावाला द्यायची आपली रीत आहे. पण फाळक्यांची कारकीर्द जितकी वाचत जावं, तितकी ती मला एका बिऱ्हाडाची वाटू लागते.

त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात रमले. छायाचित्रण, शिळाछपाई, पुरातत्त्व खात्यातली नकाशेगिरी असं सगळं करून झालं. गिरगावात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि ते सिनेमाच्या मागे लागले. विमा गहाण ठेवून १९१२ साली लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. परतल्यावर वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली आणि ती पडद्यावर दाखवून भांडवलदाराचा विश्वास मिळवला.

युरोपातही आरंभ असाच एकांड्या माणसांनी केला. प्रागमधल्या बांधकाम कचेरीत नोकरीला असलेल्या यान क्रिझेनेत्स्कीने १८९८ साली ल्युमिएर यंत्रावर पहिले चेक चित्रपट काढले. त्याची नोकरी मात्र शाबूत होती. फाळक्यांनी परतीची वाटच ठेवली नव्हती आणि त्यांच्या पाठीशी होतं ते फक्त घर.

या घराचा कणा म्हणजे फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडताच यायची. अंधारात ती यंत्रातून सरकवत भोकं पाडायची, हे काम त्यांचं. भोक केसभर हललं तरी फिल्म दात्यांवर नीट बसत नाही आणि पडद्यावर चित्र थरथरतं. दिवसभर कंपनीतल्या साऱ्यांचं रांधून झाल्यावर रात्री हे काम चाले. शिवाय रसायनं कालवायची, चित्रणाच्या वेळी उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभं राहायचं. दागिने तर आधीच मोडले होते. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटातला, ‘राजा हरिश्चंद्र’मधला रोहिदास हा या दोघांचाच मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे साळुंके लुगडं नेसले. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नाकं मुरडत, म्हणून फाळके आपल्या माणसांना ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे’ असं सांगायला लावत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात चित्रपट लागला आणि त्याच वर्षी बिऱ्हाड नाशिकला आलं.

१९१९ च्या ‘कालियामर्दन’ची सुरुवात अवश्य पाहावी. फाळक्यांची लेक मंदाकिनी थेट कॅमेऱ्याकडे बघून चेहऱ्यावर एकेक भाव आणते आणि मग कृष्णाच्या वेशात दिसते. ही आमची पोर आहे, आता तिला देव म्हणून पाहा, असं बापाने प्रेक्षकांना मोकळेपणाने सांगितलंय. एवढा विश्वास मला पुढच्या भपकेबाज पौराणिकांत क्वचितच दिसतो.

दरम्यान १९१८ साली मुंबईकर भागीदारांच्या पैशावर हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. भागीदारांना हिशेब हवा होता आणि तो मागणं गैरही नव्हतं. पण ज्याने बायकोच्या दागिन्यांवर सिनेमा उभा केला, त्याला खर्चाची परवानगी मागणं जमेना. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं आणि १९२२ मध्ये परत आले. बोलपट आल्यावर त्यांचा घरच्या हातांवर चालणारा धंदा मागे पडला. ध्वनीला वेगळी यंत्रं, वेगळे तंत्रज्ञ आणि मोठं भांडवल लागे. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट कोल्हापूर सिनेटोनसाठी झाला. तिथे प्रत्येक कामाला खातं होतं, पगारी माणूस होता. फिल्मला भोकं पाडत रात्री जागायची कुणालाच गरज नव्हती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळके नाशिकलाच वारले. १९६९ पासून त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. सरस्वतीबाईंचं नाव त्यात असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.