हरण की स्वयंवर? पुनर्कथनाच्या शीर्षकाची नैतिक बाजू

ज्ञात कथेचे पुनर्कथन करणाऱ्या लेखकाला घटनाक्रमाच्या बाबतीत फारसे स्वातंत्र्य नसते. राजकन्या कोणाची, तिला कोणी नेले, शेवट काय झाला, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. त्यामुळे अशा लेखनातील पहिला आणि पुष्कळदा सर्वांत निर्णायक अर्थनिर्णय शीर्षकातच होतो. स्वतंत्र कथेचे शीर्षक अज्ञाताची सूचना देते. पुनर्कथनाचे शीर्षक ज्ञात घटनेवर निवाडा देते. शीर्षक ही दुर्दैवाने अन्वयार्थाची किल्लीच ठरते, असे उंबर्तो एको यांनी १९८३ मध्ये आपल्या कादंबरीच्या उत्तरलेखात म्हटले होते; वाचकाच्या कल्पना शीर्षकाने शिस्तीत बसवू नयेत, विस्कटाव्यात, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु कथा सर्वांना ठाऊक असते आणि तिच्या केंद्रस्थानी एका स्त्रीची संमती असते, तेव्हा किल्ली कोणाच्या हाती द्यावयाची हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्रीय राहत नाही. एखाद्या राजकन्येच्या आख्यानावर आज प्रणयकादंबरी लिहू पाहणाऱ्याला तो टाळता येत नाही.

वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर म्हणजेच विदर्भराज भीष्मकाची राजधानी कुंडिनपूर, अशी परंपरा आहे. रुक्मिणीला कृष्णाने नेले त्या प्रसंगाशी अमरावतीच्या अंबादेवीचे स्थानही लोकश्रद्धेने जोडलेले आहे. एवढेच नव्हे, तर या प्रदेशाचे नावच मराठीत लग्नाच्या पाहुणेमंडळींचे वाचक आहे. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त ते 'वरदातट' या शब्दाशी जोडले असले, तरी लोकव्युत्पत्तीला लग्नाचे वऱ्हाडच जवळचे वाटते. विरोध असा, की या भूमीच्या सर्वांत प्रसिद्ध कथेत शिशुपालासाठी जमलेले वऱ्हाड वधूविनाच परत गेले.

भागवताच्या दशम स्कंधातील घटना सुपरिचित आहे. रुक्मी बहिणीचा विवाह चेदिराज शिशुपालाशी ठरवतो. रुक्मिणी एका ब्राह्मणाकरवी द्वारकेस निरोप धाडते आणि विवाहाच्या आदल्या दिवशी कुलदेवतेच्या दर्शनासाठी ती नगराबाहेर येईल तेव्हा कृष्णाने तिला न्यावे, असे सुचवते. योजना तिची आहे, वेळ तिने ठरवली आहे, स्थळही तिनेच निवडले आहे. अंतःपुरात आप्तांचे रक्त सांडू नये याची काळजीही तिनेच घेतली आहे. तरीही या कृत्याला ती स्वतः 'राक्षस विधी' म्हणते. मनुस्मृतीच्या व्याख्येप्रमाणे राक्षस विवाहात कन्या आक्रोश करीत असते आणि तिला बळाने नेले जाते. गांधर्व विवाहात परस्परांची इच्छा पुरेशी असते. रुक्मिणीचा विवाह यांपैकी कोणत्याही चौकटीत पूर्णपणे बसत नाही. बळ आहे, पण ते तिच्याविरुद्ध नाही. इच्छा आहे, पण तिला बळावाचून वाट नाही. म्हणूनच भागवतकार अवघ्या काही श्लोकांच्या अंतरात याच विवाहासाठी 'स्वयंवर' आणि 'राक्षस' असे दोन्ही शब्द योजतात. मूळ संहितेने हा पेच सोडवलेला नाही. तो शीर्षक देणाऱ्यावर सोपवला आहे.

भारतीय भाषांतील उत्तराधिकाऱ्यांनी तो निरनिराळ्या रीतींनी सोडवला. वत्सराजाचे संस्कृत रूपक, शंकरदेवांची असमिया रचना आणि प्रेमानंदाचे गुजराती आख्यान 'रुक्मिणीहरण' या नावाने ओळखले जाते. मराठीची मुख्य परंपरा मात्र 'रुक्मिणीस्वयंवर' या नावाला चिकटून राहिली. तेराव्या शतकातील महानुभाव कवी नरेंद्र याचा ग्रंथ याच नावाचा आहे आणि एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत पूर्ण केलेला ग्रंथही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१६ मध्ये नायिकेचे नावही गाळून नुसते 'स्वयंवर' ठेवले. या दोन सामासिक नावांतील भेद व्याकरणाचा आहे आणि म्हणूनच तो नीतीचाही आहे. 'रुक्मिणीहरण' या समासात रुक्मिणी कर्म आहे; कर्ता अनुक्त असूनही सर्वांना ठाऊक आहे. 'रुक्मिणीस्वयंवर' या समासात कर्तेपण तिच्याकडे येते. रथ तोच, सारथी तोच, पाठलाग तोच. पण क्रियापदाचा धनी बदलतो.

या मालिकेत एक तिसरा पर्याय आहे आणि तो वऱ्हाडच्याच मातीतला आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने महदाइसेने याच कथेवर रचलेली गीते 'धवळे' म्हणून ओळखली जातात. धवळे म्हणजे लग्नात गावयाची गीते. येथे नाव घटनेचे नाही, गाण्याच्या प्रकाराचे आहे. मराठीच्या आद्य कवयित्रीची रचना हरण आणि स्वयंवर यांच्या वादाबाहेर राहून कथा लग्नघरात गाणाऱ्यांच्या ओठी ठेवते. अर्थात याचा अर्थ तिने निवाडा टाळला असा नव्हे. जे लग्न आप्तांना चोरून झाले त्याला लग्नगीतांचा मान देणे हाही निवाडाच आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. स्वयंवर म्हणजे पित्याने भरवलेली, राजांनी गजबजलेली सभा आणि कन्येच्या हातातील माळ. असे काहीच येथे घडले नसताना 'स्वयंवर' म्हणणे हा सत्यापलाप नाही काय? एका हिंसक घटनेला मंगल नाव देऊन कवींनी वाचकाची फसवणूक केली नाही काय?

या आक्षेपाचा कस पाहण्यासाठी युरोपातील एका परीकथेकडे वळणे उपयुक्त ठरेल. जांबात्तिस्ता बासीले याच्या १६३४-३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहात 'सूर्य, चंद्र आणि तालिया' ही कथा आहे. तीत निद्रित तालियाचा एक राजा उपभोग घेतो आणि झोपेतच ती जुळ्यांना जन्म देते. शीर्षकात आई आणि मुले आहेत, अपराध नाही. पेरोने १६९७ मध्ये आणि ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये ही कथा शुद्ध करून सांगितली. पेरोच्या शीर्षकात सौंदर्य आणि निद्रा उरली, ग्रिमांच्या शीर्षकात काटेरी गुलाब. पुढील अनेक प्रणयकथांनी निद्रित सुंदरीचे नाव वारशाने स्वीकारले. निद्रा हे नायिकेचे लक्षण ठरले, ज्या अवस्थेत तिला विचारणे शक्यच नव्हते ती अवस्था मोहक ठरली. बासीलेच्या तालियाच्या कथेला कोणी 'स्वयंवर' म्हटले असते, तर ते निखळ असत्य झाले असते. कारण त्या संहितेत संमतीची साक्ष देणारा तिचा एकही शब्द नाही. रुक्मिणीच्या बाबतीत मात्र तिचा निरोप आहे. मराठी कवींनी सभेचा विधी नाकारून इच्छेला स्वयंवराचे सार मानले आणि त्यासाठीचा पुरावा मूळ संहितेतच होता. यावरून एक निकष हाती येतो: पुनर्कथनाचे शीर्षक घटनेच्या बाह्यरूपाशी विसंगत असू शकते, पण ज्या व्यक्तीच्या वतीने ते बोलते तिची साक्ष संहितेत असली पाहिजे.

हा निकष ग्रंथालयापुरता नाही. अकोला-अमरावतीच्या कोणत्याही गावात मुलगी घर सोडून गेली की दोन वाक्ये ऐकू येतात: 'ती पळून गेली' आणि 'तिला पळवून नेली'. एका प्रयोजक प्रत्ययाने कर्ती कर्म होते. पहिल्या वाक्यात दोष तिचा, दुसऱ्यात दोष त्याचा. तिने निवडले असे सांगणारे तिसरे वाक्य सहसा उच्चारले जात नाही. पोलीस ठाण्यातील तक्रारीत बहुधा दुसरे वाक्य उतरते, कारण अपहरणाला कलम आहे, निवडीला नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे: जेथे खरोखरच बळजबरी झाली, तेथे 'तिचीच इच्छा होती' हे बचावाचे पहिले वाक्य असते. 'हरण' हा शब्द इच्छा पुसू शकतो, 'स्वयंवर' हा शब्द जखम पुसू शकतो. दोहोंत मुलीला विचारण्याचे राहून जाते.

मराठी परंपरेचे औदार्यही या कसोटीवर तपासावे लागते. चांगला वर मिळावा म्हणून उपवर मुलींनी एकनाथांच्या ग्रंथाचे पारायण करावे अशी प्रथा आहे. ज्या कथेतील कन्या घरच्यांनी ठरवलेला वर नाकारते, तीच कथा घरच्यांच्या संमतीने वाचली जाते. हे शक्य होते, कारण निवडलेला पुरुष साक्षात परमेश्वर आहे आणि रुक्मिणी लक्ष्मीचा अवतार. निवड चुकण्याची शक्यताच नाही. म्हणजे कवींनी स्वयंवराला दिलेली मान्यता वराच्या थोरवीने तारण दिलेली मान्यता आहे. रुक्मिणीने एखादा सामान्य पुरुष निवडला असता, तर याच घटनेला कोणते नाव मिळाले असते?

आजच्या कादंबरीकाराला हे तारण उपलब्ध नाही. तिच्या नायिकेचा प्रियकर साधा माणूस आहे. तो उद्या दुबळा किंवा कठोर ठरू शकतो. निवड योग्य ठरली तरच ती निवड, असे मानणे म्हणजे निवडीचा हक्कच नाकारणे होय. म्हणून तिने 'स्वयंवर' हे शीर्षक घेतले, तर चुकण्याच्या हक्काचा भार कादंबरीला वाहावा लागेल. 'हरण' घेतले, तर मराठी वाचकाच्या कानी पळवून नेण्याबरोबर पारध होणारे जनावरही येईल. त्या प्रतिमेला तिच्या पृष्ठांनी उत्तर द्यावे लागेल. नुसते व्यक्तिनाम निवडले, तरी सुटका नाही. 'मृत्युंजय' आणि 'राधेय' या कादंबऱ्या एकाच कर्णाच्या आहेत. पण पहिले नाव मृत्यूवरील विजयाचे आहे, दुसरे सांभाळणाऱ्या आईचे. शिवाजी सावंतांच्या 'युगंधर'मध्ये (२०००) रुक्मिणी स्वतः निवेदन करते, तरी ग्रंथाचे नाव कृष्णाचेच आहे. बोलू देणे आणि नाव देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा शीर्षकाची नैतिकता अचूक वर्णनात शोधून चालणार नाही. प्रत्येक नाव काही झाकतेच. जे झाकले गेले त्याचा हिशेब आतील पृष्ठे देतात किंवा नाही, हा खरा प्रश्न आहे. रुक्मिणीने आपल्या विवाहाला दिलेले 'राक्षस' हे नाव मराठी कवींनी शीर्षकात घेतले नाही. परंतु जिने ते उच्चारले तिला कर्तेपण दिले. त्या कर्तेपणात तिचा एक विसरला जाणारा क्षणही येतो: पराभूत रुक्मीवर शस्त्र उगारले गेले असता तिने भावाच्या प्राणांची याचना केली. रुक्मी परत कुंडिनपुरास गेला नाही. त्याने भोजकट वसवले, जे अमरावतीजवळच्या भातकुलीशी जोडले जाते. स्वयंवर म्हणणाऱ्या शीर्षकाला त्या न परतलेल्या भावाचीही जागा आपल्या पोटात ठेवावी लागते.