कादंबरीतील राजा आणि आपले घर

मंडळीतील कित्येक भाविक माणसे कादंबरी हाती धरण्यास भितात. कल्पित गोष्टींत काळ घालविण्यापेक्षा शास्त्र वाचावे, असे ती म्हणतात. शास्त्राला पहिले स्थान द्यावे हे खरेच. तथापि गोष्टीलाच दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती गृहस्थांनीच लिहिली, व तीत विधवांचे हाल उघड केले. प्रभूनेही पेरणारा, जाळे, हरवलेले नाणे अशा गोष्टींनीच लोकांस शिकविले.

मात्र गोष्ट कशी वाचावी, हे शिकले पाहिजे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला एका गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली. ती हिरावून घेणाऱ्या धनवानावर राजा संतापला व त्याने त्यास मरणास योग्य ठरविले. तेव्हा तो अपराधी राजा स्वतःच आहे, असे संदेष्ट्याने त्याच्या पदरी घातले. तेथूनच दावीदाचा पश्चात्ताप सुरू झाला.

याच रीतीने आपल्या किनाऱ्यावर राहून गेलेल्या एका लेखकाची कादंबरी पाहू. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्यास शिक्षक होते. पुढे १९५९ साली त्यांची ‘ययाति’ प्रसिद्ध झाली. खांडेकर ख्रिस्ती नव्हते, आणि कथा महाभारतातली. शापाने अकाली वृद्ध झालेला राजा सुखोपभोगासाठी पोटच्या पुत्राजवळ, पुरूजवळ, त्याचे तारुण्य मागतो. वाचणाऱ्यास राजाचा तिटकारा येतो.

आता मालवणच्या वाळूवर या. रापणीचे जाळे होडीतून अर्धवर्तुळात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात, आणि मग मासळीचे वाटे पडतात. हे श्रम प्रामाणिक आहेत. प्रभूचे पहिले शिष्यही मासे धरणारेच होते. परंतु एखादा बाप आपला वाटा सायंकाळी दारूत घालवितो, आणि घरात पैसा उरला नाही म्हणून दहा वर्षांच्या मुलाची शाळा सोडवून त्याच्या हाती दोर देतो. सांगा बरे, येथे कोणी कोणाचे तारुण्य घेतले? डोक्यावर मुकुट नाही, कोणाचा शाप नाही; तरी ययाति तोच. जो दारूला शिवत नाही, त्यानेही निश्चिंत राहू नये. लग्नकार्यात मानासाठी कर्ज काढून ते मुलाच्या माथी ठेवणारा सभ्य गृहस्थही त्याच राजाच्या पंक्तीस बसला आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात मात्र एक निराळा बाप भेटतो. तो मुलाला त्याची वाटणी देतो. सर्व उधळून परतलेल्या त्या मुलाकडे धावत जातो, व त्यास पोटाशी धरतो. राजाने मुलाचे घेतले; या बापाने मुलाला आपले दिले. आपला स्वर्गीय पिता असा आहे. मुलाचे हिरावून घेणाऱ्या बापालाही तोच घरी बोलावीत आहे, म्हणून कोणी निराश होऊ नये.

उपदेशक बंधूंनो, या आठवड्यात घरोघरच्या प्रार्थनेत हा अध्याय वाचा, आणि या दोन बापांपैकी मी कोणता, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे असे सांगा. नंतर ज्या घरचे मूल शाळेत दिसेनासे झाले असेल, त्या घरी जा. बापाला दटावू नका; त्याच्याजवळ बसा, आणि मुलाच्या हाती पुन्हा पाटी कशी येईल याचा त्याच्याशी विचार करा.