ऐकणाऱ्याचे ऋण

'कुठे गेला होतास?' 'कुणाबरोबर होतास?' 'घरी कोण आले होते?' ह्या तीन प्रश्नांची उत्तरे देता देताच आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण सरले. आई हे प्रश्न विचारी तेव्हा त्यांत धाक असे; पण त्या धाकाच्या तळाशी काळजी आहे, हे पोरालाही कळे. तेच प्रश्न दारात उभ्या असलेल्या पोलिसाने विचारले, तर निरपराध माणसाच्याही घशाला कोरड पडते. शब्द तेच असतात; विचारणारा बदलला की त्यांचा अर्थ बदलतो. २०२० सालच्या मार्च महिन्यापासून हे तिन्ही प्रश्न आणखी एका मुखाने घरोघर विचारले जाऊ लागले. शब्द आईचे होते, हेतू डॉक्टरचा होता आणि हातातली वही सरकारची होती. त्यांना उत्तर कोणत्या नात्याने द्यावे, हा विचार तेव्हाच्या घाईत राहून गेला. आता ती साथ ओसरली आहे, दिवाळीच्या चार दिवसांत दारे पुन्हा सताड उघडी आहेत. अशा निवांत वेळी तो करावयास हरकत नाही.

प्रथम विचारणाऱ्याची बाजू पाहू. करोनाची लागण झालेला माणूस स्वतःला ताप येण्याच्या एकदोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला रोग देऊ शकतो. तो धडधाकट हिंडत असतो, पंगतीत वाढतो, आजोबांच्या पाया पडतो, आणि त्याच्या श्वासाबरोबर रोग पुढे सरकत असतो. अशा वेळी केवळ रोग्याला खाटेवर निजवून साथ थांबत नाही. गेल्या काही दिवसांत त्याच्या सहवासात कोण कोण आले, हे शोधून त्या माणसांना वेळेवर सावध करावे लागते. ह्यालाच संपर्कशोध म्हणतात. त्यात वेळेला फार मोल आहे. आठवड्याने मिळालेली अगदी खरी यादीही शिळी झालेली असते. तोवर त्या यादीतल्या माणसांनी आपापल्या परीने नव्या याद्या तयार केलेल्या असतात.

गावच्या विहिरीत मेलेले जनावर पडलेले पाहून जो मुकाट्याने घरी जातो आणि पाणी भरणाऱ्या बायकांना काही सांगत नाही, त्याला आपण भला माणूस म्हणणार नाही. 'मी विहिरीवर का गेलो होतो, ही माझी खाजगी बाब आहे' असे तो म्हणू लागला, तर आपण त्याला एवढेच सांगू की, 'बाबा, का गेलास ते तुझ्याजवळ ठेव. पण पाणी बिघडले आहे, हे मात्र बोल.' साथीतही सांगण्याचे हे कर्तव्य खरेच आहे. ते टाळून कुणाला आपल्या स्वातंत्र्याचा दिमाख मिरवता येणार नाही.

पण ह्यावरून काही लोक एकदम दुसऱ्या टोकाला जातात. 'ज्याच्याजवळ लपवण्यासारखे काही नाही, त्याने भ्यायचे कशाला?' असा त्यांचा बिनतोड वाटणारा सवाल असतो. हा सवाल दिसतो तितका प्रामाणिक नाही. माणसे आंघोळ करतात हे जगजाहीर आहे. तरी न्हाणीघराला आतून कडी असते. ती कडी पाप लपवण्यासाठी बसवलेली नसते. गुपित वेगळे आणि खाजगी वेगळे. गुपित म्हणजे कुणालाच कळू नये असे वाटते ते; खाजगी म्हणजे कुणाला कळावे हे आपण ठरवावे असे वाटते ते. आजार डॉक्टरला सांगितला म्हणून तो खाजगी राहत नाही, असे थोडेच आहे? तो डॉक्टरने पारावर सांगितला, तर मात्र राहत नाही.

कादंबऱ्या लिहिण्याच्या उद्योगामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक झाली आहे. कोणत्याही साध्यासुध्या माणसाच्या एका पंधरवड्याच्या गाठीभेटींची यादी मिळाली, तर तिच्यावर कादंबरी उभी राहते. भांडलेल्या भावाला एकजण वडिलांच्या नकळत भेटून आलेला असतो. कुणी मूल होत नाही म्हणून दूरच्या शहरातल्या डॉक्टरकडे खेपा घालत असते. कुणी दागिने गहाण ठेवायला गेलेले असते, तर कुणी नोकरी सोडण्याच्या बेतात असल्यामुळे दुसऱ्या कचेरीची पायरी चढलेले असते. ह्यात पाप कुठेच नाही; पण चारचौघांत उघडे पडले, तर ह्यातल्या प्रत्येक ठिकाणी काही तरी मोडण्यासारखे आहे. रोग्याकडून आपण यादी मागतो तेव्हा हे सगळे मागत असतो, ह्याची जाणीव मागणाऱ्याला असली पाहिजे.

ही जाणीव नसली म्हणजे काय होते, ते आपल्या पुण्याने १८९७ साली पाहिले. प्लेगच्या भयाने त्या वर्षीच्या ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा. पण त्यातले शेवटचे कलम असे की, ह्या कायद्याखाली सद्‌भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कुणावर दावा लावता येऊ नये. रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सैनिक रोगी हुडकण्यासाठी घराघरांत शिरले. माजघर, देवघर, काहीही त्यांना वर्ज्य उरले नाही. प्लेग खोटा नव्हता. रोगी वेगळा काढण्याची निकडही खोटी नव्हती. तरीही लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, शेजारच्या घरात, जिथे जागा मिळेल तिथे लपवू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या सुटल्या, हा इतिहास आम्ही शाळेत दरवर्षी शिकवतो. त्याच इतिहासात एक दुसराही धडा आहे, तो सहसा कुणी शिकवत नाही. ज्या शोधाने माणसाची अब्रू जाते, त्या शोधाला रोगी सापडत नाहीत.

त्याच साथीत, त्याच शहराच्या वेशीबाहेर, सावित्रीबाई फुले आणि डॉक्टर यशवंत हेही रोग्यांपर्यंत पोचत होते. सावित्रीबाई रोग्यांना आपल्या दवाखान्यात आणीत, त्यांची शुश्रूषा करीत, आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी प्लेगने त्यांचा अंत झाला. रोगी दोघांनाही हवा होता, सरकारला आणि सावित्रीबाईंना. एकाने दार फोडले, दुसऱ्याने ठोठावले. संपर्कशोधाचे सारे नीतिशास्त्र ह्या फरकात आले, असे मला वाटते.

करोना आला तेव्हा हाच १८९७ चा कायदा पुन्हा हाती घेण्यात आला. महाराष्ट्रात १३ मार्च २०२० पासून. घरी विलग राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के उमटवले गेले. शेजारच्या कर्नाटकात परदेशाहून परतलेल्या हजारो माणसांच्या याद्या त्यांच्या घरच्या पत्त्यांसकट जाहीर झाल्या. कित्येक शहरांत रोग्याच्या दारावर फलक लागले. अखेर ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याखेरीज कुणाच्या दारावर असा फलक लावू नये. सरकारी फलकापेक्षाही वेगाने धावला तो आपल्या सर्वांच्या खिशातला मोबाइल. अमक्या आळीत तमका सापडला, ही बातमी रुग्णवाहिकेच्या आधी गावभर होई. तिच्यात काळजी थोडी आणि चव जास्त असे.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली आणि आम्हां शिक्षकांपैकी अनेकांच्या हाती खडूऐवजी तापमापक आले. आमच्या पथकात एक आरोग्यसेविका होती. एका घरातल्या कर्त्या पुरुषाला करोना झाल्याचे कळले होते. घरी कोण कोण आले होते, असे विचारताच त्याची बायको पदराशी चाळा करीत म्हणाली, ''मास्तर, लिहून घेणार असाल तर कुणीच आले नव्हते. लिहिणार नसाल तर सांगते.'' मी गप्प राहिलो. आरोग्यसेविका पुढे झाली. ''काकू, लिहिणार तर आहे,'' ती म्हणाली, ''पण ही वही उपकेंद्रातल्या कपाटात जाते आणि किल्ली माझ्याजवळ असते. गल्लीत एक अक्षर जाणार नाही.'' मग बाईने सांगितले. लेक सासरी न सांगता चार दिवस माहेरी येऊन गेली होती. सासूशी बिनसले होते. आता जरा शांत झाले होते.

पाहा, पेच किती नेमका आहे! लेकीच्या सासूचे वय झालेले. तिला जपायचे तर ही भेट आरोग्यसेविकेला कळायलाच हवी होती. लेकीचा संसार जपायचा तर ती गल्लीला कळता कामा नव्हती. आरोग्यसेविकेने संध्याकाळी लेकीला फोन केला, तिने तालुक्याच्या गावी चाचणी करून घेतली, सुदैवाने लागण झालेली नव्हती आणि गोष्ट तिथेच मिटली. समजा, चाचणी उलटी आली असती, तर सासरच्यांना सावध करावेच लागले असते. पण तेव्हाही सांगायचा असतो तो धोका. माहेरची भेट नव्हे. तुम्ही रोग्याच्या सहवासात आला आहात, एवढे कळले की माणूस काळजी घेऊ शकतो. कुणामुळे आणि कशामुळे, ही माहिती केवळ कुतूहलाचा फराळ आहे.

हे त्या आरोग्यसेविकेला उमगले होते, ते मोठमोठ्या राष्ट्रांनाही उमगायला वेळ लागला. दक्षिण कोरियात रोग्याचे वय, लिंग आणि त्याने पालथी घातलेली ठिकाणे जाहीर होत. नाव नसले तरी लोक माणूस ओळखीत आणि चघळीत. २०२० च्या मे महिन्यात सोलमधल्या इटेवॉन भागातल्या क्लबांतून रोग पसरला. तिथे जाणाऱ्यांपैकी अनेकांना तिथे गेल्याचे उघड होणेच नको होते. तेव्हा नाव न विचारता, केवळ फोन क्रमांकावर चाचणी करण्याची सोय सोलने केली, आणि चाचणीला येणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. नाव झाकल्याने शोध अडला नाही. उलट पुढे सरकला.

सिंगापूरची गोष्ट उलट आहे. तिथे फोनमधून संपर्क नोंदणारी यंत्रणा सुरू झाली, तेव्हा माहिती फक्त संपर्कशोधासाठी वापरू, असे लोकांना सांगण्यात आले. लोकांनी विश्वास ठेवला. २०२१ च्या जानेवारीत मात्र उघड झाले की, गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसही ती माहिती मागू शकतात. मग फेब्रुवारीत कायदा करून तो वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करण्यात आला. कुणी म्हणेल, खुनी सापडला तर बिघडले कुठे? बिघडले ते इतकेच की, विचारताना डॉक्टर विचारत होता आणि ऐकताना त्याच्या पाठीशी पोलिस उभा होता.

आपल्याकडे २ एप्रिल २०२० रोजी 'आरोग्य सेतू' आले. त्यात नाव, फोन क्रमांक आणि ठावठिकाणा ह्यांची नोंद होई. त्याच वर्षी जूनमध्ये जर्मनीने काढलेल्या यंत्रणेत फोन एकमेकांना निरर्थक आकडे तेवढे देत. ते ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहत आणि चौदा दिवसांनी पुसले जात. दोन्ही मार्गांत उणेअधिक आहे. पण 'आरोग्य हवे तर खाजगीपणा सोडा' अशी रोकठोक देवघेव प्रत्येक वेळी अटळ नसते, एवढे त्यावरून नक्की कळते.

तरीही एक अवघड प्रश्न उरतोच. कुणी सांगायलाच तयार नसेल तर? न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होती. तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू होते, पण ती स्वतः ठणठणीत होती; त्यामुळे आपल्यापासून कुणाला रोग होतो हे तिला कधी पटलेच नाही. १९०७ साली तिला धरून एका बेटावर ठेवले. स्वयंपाक करणार नाही, ह्या बोलीवर १९१० मध्ये सोडले. १९१५ मध्ये ती दुसऱ्या नावाने एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना सापडली, आणि मग १९३८ मध्ये मरेपर्यंत त्याच बेटावर राहिली. बाळंतिणींच्या ताटात रोग वाढण्याचा हक्क तिला कोणत्याही न्यायाने नव्हता. अशा वेळी समाजाने जबरदस्ती केली, तर तिला अन्याय म्हणता येत नाही. पण तिचे नाव टोपणनाव करून जगभर शिवीसारखे वापरले गेले, त्याने एकही बाळंतीण वाचली नाही. जबरदस्तीची गरज कधी पडते. बदनामीची कधीच पडत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि त्याला मर्यादा घालताना काय पाहावे हेही सांगितले: कायद्याचा आधार, योग्य कारण आणि कारणाच्या मानाने बेताचे प्रमाण. घरगुती भाषेत बोलायचे तर, कुणाच्या परवानगीने विचारतोस, कशासाठी विचारतोस आणि जरुरीपेक्षा जास्त तर विचारत नाहीस ना?

मी ह्यात चौथी गोष्ट घालीन. सांगणारा आपल्याला काही देत असतो. पैसे उसने घेतले तर परत करावे लागतात. ऐकलेली गोष्ट परत करता येत नाही, ती फक्त सांभाळता येते आणि काम सरल्यावर पुसून टाकता येते. म्हणून साथीत सांगणे हे जसे रोग्याचे कर्तव्य आहे, तसे विसरणे हे ऐकणाऱ्याचे कर्तव्य आहे. हे ऋण सरकारवर आहे, यंत्रणा बांधणाऱ्यांवर आहे, आणि खिडकीच्या पडद्याआडून रुग्णवाहिका पाहणाऱ्या तुमच्याआमच्यावरही आहे. रोग्याने लपवले म्हणून आपण रागावतो, तेव्हा त्याला बोलण्याजोगे आपण वागलो होतो का, हेही एकदा पाहिले पाहिजे.

पुन्हा कधी तरी साथ येईल. त्या वेळी लसी, खाटा, औषधे ह्यांची तयारी सरकार करील, करायलाच हवी. पण माणसे दार उघडून खरे बोलतील की नाही, हे साथीच्या दिवसांत ठरत नाही. कुणाची मुलगी माहेरी का आली, कुणाचा दवाखाना कशासाठी चालू आहे, हे कानावर आले असता आज, साथ नसताना, आपण काय करतो, ह्यावर ते ठरत असते.