समोरच्याच्या नजरेनं

या वेळी घराघरांत शाळेचे डबे भरले जात असतील. मेथीची भाजी पाहून मूल नाक मुरडतं. तीच मेथी कणकेत मळून इवले पराठे लाटले, की आवडीनं खातं. मधली सुट्टी छोटी, हातही छोटे. घास सहज उचलता यावा, हे आईबाबांनी ओळखलेलं असतं. त्यांनी समोरच्याच्या नजरेनं पाहिलेलं असतं.

आपल्याला योग्य वाटतं ते देणं सोपं आहे. ते दुसऱ्याला आनंदानं घेता यावं, ही काळजी म्हणजे माया. उपदेशाचं तसंच. मदतीचंही तसंच. श्रोतेहो, आज कुणाला काही देताना क्षणभर थांबा. समोरच्याच्या नजरेनं पाहा, आणि मग मनापासून द्या.